कॅम्पबेल नव्हे, कॅम्बल : इंग्रजी नावं वाचायची कशी, समजायची कशी

खानदेशच्या इतिहासावर काहीही लिहायचं म्हटलं की एका ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड, 'खानदेश', १८८० साली प्रसिद्ध झाला. नद्या, पिकं, जाती-जमाती, बाजार, किल्ले, सगळं त्यात आहे. जळगाव-धुळ्यातले अभ्यासक आजही पहिल्यांदा तोच खंड उघडतात. त्याच्या संपादकाचं नाव मात्र आपल्या प्रबंधांत आणि भाषणांत हमखास 'कॅम्पबेल' असं येतं. खरा उच्चार आहे 'कॅम्बल'. मधला 'पी' मुका आहे आणि शेवटच्या 'बेल'चा घंटेशी काही संबंध नाही. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतल्या 'वाकडं' आणि 'तोंड' अशा दोन शब्दांचा हा जोड आहे. कुणा पूर्वजाचं तोंड वाकडं होतं, लोकांनी त्याला त्यावरून हाक मारली आणि ती हाक पुढे घराण्याला चिकटली. आपल्याकडची वाकडे, बोबडे, टकले ही आडनावं याच वाटेनं आली आहेत.

संपादकांचं पूर्ण नाव जेम्स मॅकनॅब कॅम्बल. 'मॅक' म्हणजे मुलगा आणि मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा मुलगा. 'जेम्स' हे मूळचं हिब्रू 'याकोब'. लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरत फिरत त्याचं 'जेम्स' झालं. म्हणूनच इंग्रजी बायबलातलं जेम्सचं पत्र मराठी बायबलात 'याकोबाचे पत्र' म्हणून सापडतं. एका माणसाच्या नावात हिब्रू प्रेषित, स्कॉटिश मठ आणि एका पूर्वजाचं टोपणनाव असं तिन्ही दडलेलं आहे.

हा लेख अशा नावांबद्दल आहे. इतिहासाचे अभ्यासक, इंग्रजी साहित्य शिकणारे आणि शिकवणारे, ज्यांची मुलं-सुना विलायतेत नोकरीला आहेत असे आई-बाप, आणि तिकडे जायच्या तयारीत असलेले विद्यार्थी यांच्यासाठी तो लिहिला आहे. सांगायची गोष्ट एकच : नावाचा मालक ते नाव जसं उच्चारतो, तोच त्याचा उच्चार. स्पेलिंग फक्त अंदाज देतं. तो अंदाज चांगला कसा बांधायचा आणि खात्री कशी करायची, ते पुढे पाहू.

लिहायचं एक, म्हणायचं एक

खानदेशातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण लिहितो जळगाव. लेवा बोलीत मात्र 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया होतो आणि जळगावचं जयगाव. स्टेशनवरच्या हिंदी पाटीवर तेच गाव 'जलगांव' असतं. रोमन लिपीतून पहिल्यांदा वाचणारा परदेशी माणूस त्याचं 'जालगाऑन' करतो. धुळ्याला इंग्रजी दफ्तरांत कितीतरी वर्षं 'धुलिया' लिहिलं जात होतं. गावात राहणाऱ्याची जीभ एक बोलते आणि कागद दुसरंच दाखवतो, हे आपण रोज पाहतो.

ब्रिटनमध्येही हेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. १०६६ नंतर तिथे फ्रेंच बोलणारे जमीनदार आले आणि नावांचं स्पेलिंग बरंचसं त्यांच्या कारकुनांच्या हाती गेलं. १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशच्या चर्चला बाप्तिस्मा, लग्नं आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम झाला. नावं कागदावर आली आणि हळूहळू तिथेच गोठली. बोलणाऱ्यांची जीभ मात्र थांबली नाही. ज्या नावाची रोज शंभरदा हाक होते ते झिजतंच. 'बीचम' या नावाचं स्पेलिंग आजही फ्रेंच आहे, 'सुंदर शेत' अशा अर्थाचं. उच्चार पक्का इंग्रजी. 'चम्ली' हे आडनाव कागदावर चांगलं दहा-बारा अक्षरांचं असतं आणि 'चोल्मोंडेली' असं दिसतं.

स्कॉटलंडमधला एक प्रकार तर छापखान्यामुळे झाला. जुन्या स्कॉट लिपीत 'य'-'ग'च्या जवळचा आवाज दाखवणारं एक अक्षर होतं. छापखान्यात त्याचा खिळा नसे, म्हणून दिसायला जवळचा 'झेड' वापरला गेला. त्यामुळे 'मेन्झीज' असं दिसणारं नाव जुन्या स्कॉटिश उच्चारात 'मिंगिस' आहे. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे एक नेते मिंगिस कॅम्बल. त्यांना लोक 'मिंग' म्हणत. दोन्ही नावं स्पेलिंगवरून वाचली तर दोन्ही चुकतात. आपल्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे नाव वाचताना संदर्भ पाहावा लागतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडीवर काम केलेल्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. अक्षर हा पुरावा असतो, पण तो एकटा पुरेसा नसतो.

खानदेशात आलेली नावं

आपल्या इतिहासात सतत भेटणारी काही नावं आधी नीट करून घेऊ.

*हिस्लॉप.* फेब्रुवारी १८१८ मध्ये सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेनं तापीकाठचा थाळनेरचा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. त्या प्रकरणावर इंग्लंडातही टीका झाली. या आडनावातला 'एस' हा 'झ' आहे : 'हिझ्लप'. अर्थ, हेझलच्या झुडपांची दरी. 'टॉमस'मध्ये 'थ' नाही. मूळ ॲरेमाइक शब्दाचा अर्थ 'जुळा'.

*ब्रिग्ज.* कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा १८१८ नंतर खानदेशचा कारभार पाहणारा पहिला इंग्रज अधिकारी. धुळे हे मुख्य ठिकाण त्याच्याच काळात झालं आणि नव्या पेठेची आखणीही तेव्हाचीच. फेरिश्ताच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणाराही हाच. उच्चार सरळ आहे. 'ब्रिग' म्हणजे उत्तर इंग्लंडच्या बोलीत पूल. पुलाजवळ राहणाऱ्या कुटुंबाचं ते नाव.

*ऊट्रम.* १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल कोअर ही पलटण उभी करणारा जेम्स ऊट्रम. मराठी पुस्तकांत तो औट्रम, आउट्रम, आउट्रॅम अशा नाना रूपांत सापडतो. इंग्रजीत नावाची सुरुवात दीर्घ 'ऊ'नं होते. त्याचे वडील बेंजामिन ऊट्रम हे रुळांचे रस्ते बांधणारे इंजिनिअर होते. त्यांच्या नावावरून 'ट्राम' हा शब्द आला, असं ठिकठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही. खाणीतल्या गाड्यांसाठी तो शब्द त्यांच्या आधीपासून वापरात होता. नावांच्या व्युत्पत्तीत अशा गोड कथा फार असतात. कथा जितकी सोयीची, तितकी ती जास्त तपासावी.

*ग्रेअम.* खानदेशातल्या भिल्लांवर सरकारी टिपण लिहिणारा कॅप्टन डी. सी. ग्रेअम. आपण 'ग्रॅहॅम' म्हणतो. इंग्रजीत 'एच' ऐकूच येत नाही. मूळ इंग्लंडमधल्या ग्रँटम या गावाच्या नावात आहे. त्याचं पहिलं नाव डग्लस, म्हणजे 'काळा ओढा'.

*प्रॉपर्ट आणि प्रोबिन.* गॅझेटिअरच्या पानांवर कलेक्टर प्रॉपर्ट भेटतात, भिल्ल कोअरच्या हकिकतीत मेजर प्रोबिन. दोन्ही नावं वेल्समधली. वेल्श भाषेत 'अप' म्हणजे 'चा मुलगा'. 'अप रॉबर्ट'चं प्रॉपर्ट झालं, 'अप रॉबिन'चं प्रोबिन. 'अप रिस'चं प्राइस आणि 'अप रिचर्ड'चं प्रिचर्ड हेही असंच.

*सिमकॉक्स.* खानदेश भिल्ल कोअरचा इतिहास लिहिणारे ए. एच. ए. सिमकॉक्स. सायमनचा 'सिम' झाला आणि त्याला 'कॉक' हा लाडाचा प्रत्यय लागला. पांडुरंगाचा पांडू आणि पांडूचा पांड्या होतो, त्यातलाच हा प्रकार. विलकॉक्स, हॅनकॉक ही नावंही अशीच बनली.

*गिल.* अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचं काम १८४४ साली मेजर रॉबर्ट गिलवर सोपवण्यात आलं. त्याच्या बहुतेक मोठ्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७९ मध्ये त्याचं निधन झालं आणि भुसावळला त्याचं दफन झालं. 'रॉबर्ट' म्हणजे जुन्या जर्मॅनिक भाषेत 'कीर्ती' अधिक 'तेजस्वी'. 'गिल' या आडनावाची एकाहून अधिक मुळं आहेत. त्यातलं एक स्कॅन्डिनेव्हियन, अर्थ 'दरी, घळ'.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात तर एका इंग्रजानं स्वतःचं नाव कोरूनच ठेवलं : जॉन स्मिथ, २८ वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९. बाराशेहून अधिक वर्षांच्या चित्रांवर नाव कोरणं हे पापच. पण ब्रिटनमधलं सगळ्यात रुळलेलं आडनाव तिथे सापडतं. स्मिथ म्हणजे धातूवर घण घालणारा, आपला लोहार.

नावाच्या पोटात काय असतं

ब्रिटिश आडनावांचे ढोबळ चार गट आहेत आणि चारही आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला गट बापाच्या नावावरून. जॉन्सन, विल्सन, रॉबर्टसन, निक्सन. स्कॉटलंडमध्ये 'मॅक', वेल्समध्ये 'अप'. आपण मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो, पण ते दर पिढीला बदलतं. त्यांच्याकडे एका पिढीत ते गोठलं. आजच्या जॉन्सनच्या वडिलांचं नाव जॉन असेलच असं नाही.

दुसरा गट धंद्यावरून. स्मिथ लोहार, टेलर शिंपी, पॉटर कुंभार, डायर रंगारी, वेबस्टर विणकर. वॉकर म्हणजे नुसता चालणारा माणूस नाही. नवं विणलेलं कापड पाण्यात पायांनी तुडवून घट्ट करणारा तो वॉकर. एकोणिसाव्या शतकात खानदेशात कापसाच्या सुधारित बियाण्यासाठी खटपट करणारे कलेक्टर ॲशबर्नर यांचं आडनावही धंद्याचंच. लाकूड जाळून राख करायची आणि तिच्यातून क्षार काढायचा, हे त्यांच्या पूर्वजांचं काम. क्लार्क म्हणजे लिहिता-वाचता येणारा, आपला कारकून. 'स्टूअर्ट' म्हणजे घरादाराचा कारभारी. स्कॉटलंडच्या राजाकडे ज्या घराण्याकडे वंशपरंपरेनं हा कारभार होता, तेच पुढे स्टूअर्ट राजघराणं झालं. पाटील, देशमुख, चिटणीस, पोतनीस ही आडनावं ज्याच्या घरात आहेत त्याला हे वेगळं समजावून द्यायला नको.

तिसरा गट जागेवरून. आपल्याकडे यावलकर, पारोळेकर, शिरपूरकर. त्यांच्याकडे 'कर' नसतो, गावाचं नाव तसंच आडनाव होतं. शेवटी 'टन' असेल तर वस्ती, 'ली' असेल तर जंगल तोडून केलेली मोकळी जागा, 'बी' असेल तर स्कॅन्डिनेव्हियन लोकांनी वसवलेलं गाव.

चौथा गट रूप-गुणावरून. कॅम्बल वर आलंच. क्रिकेटमधला मायकेल व्हॉन आठवा. हे वेल्श आडनाव, अर्थ 'धाकटा'. एकाच नावाचे दोघं घरात असले की लहानाला असं म्हणत.

पहिल्या नावांत देव-संतांची नावं आपल्यासारखीच भरपूर. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मॅल्कम, ज्याच्यापुढे १८१८ च्या जूनमध्ये अशीरगडाजवळ दुसऱ्या बाजीरावानं शरणागती पत्करली, त्याचं नाव घ्या. 'मॅल्कम' म्हणजे संत कोलंबाचा दास. रचना थेट 'रामदास'सारखी. यातला दुसरा 'एल' मुका आहे; जुन्या मराठीतलं 'माल्कम' त्यामुळे बरोबरच होतं.

कानाला लावायच्या खुणा

नियम पक्के नाहीत, पण पुढच्या खुणा लक्षात ठेवल्या तर निम्म्याहून जास्त नावं पहिल्या फटक्यात बरोबर येतात.

१. शेवटी 'हॅम' दिसलं की 'अम' म्हणा. बेकम, डरम, बर्मिंगम. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजला ज्यांचं नाव दिलं ते लॉर्ड सिडनम.

२. शेवटी 'स्टोन' दिसलं की बहुधा 'स्टन'. ग्लॅडस्टन, लिव्हिंगस्टन, एल्फिन्स्टन.

३. 'सेस्टर'मधला मधला भाग गळतो. लेस्टर, वुस्टर, ग्लॉस्टर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लष्करी छावणी.

४. 'विक' आणि 'विच'मधला 'डब्ल्यू' पुष्कळदा मुका. वॉरिक, ग्रेनिच. पण चॅडविकमध्ये तो ऐकू येतो, म्हणून इथे विचारून घ्यावं.

५. 'एल'च्या पुढे 'एम' किंवा 'एन' आला तर 'एल' अनेकदा गप्प. होम्स, लिंकन, मॅल्कम.

६. 'स्टीफन' असं दिसणारं नाव बहुतेक वेळा 'स्टीव्हन'. स्टीव्हन हॉकिंग हे ठळक उदाहरण. 'थॉमस'चं टॉमस, ब्रिटनमध्ये 'अँथनी'चं बहुधा अँटनी.

७. ग्रीकमधून आलेल्या मुलींच्या नावांतला शेवटचा 'ई' उच्चारला जातो : झोई, क्लोई, फीबी, पेनेलपी. हॅरी पॉटरची मैत्रीण हर्मायनी आहे आणि तिच्या लेखिका रोलिंग.

८. आयरिश आणि गेलिक नावांना इंग्रजी नियम लावूच नका. शॉन, शिवॉन, नीव्ह ही नावं इंग्रजी डोळ्यांनी वाचताच येत नाहीत. २०१९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या कर्णधाराला आपली वर्तमानपत्रं 'इऑन मॉर्गन' लिहीत. खरा उच्चार 'ओवेन'च्या जवळचा आहे. हे नाव म्हणजे जॉनचंच आयरिश रूप. जॉन, शॉन, इअन, इव्हान आणि आपल्याकडचा योहान, पाचही जण एकाच हिब्रू नावाचे. ॲलिस्टर कुकचं पहिलं नाव म्हणजे गेलिक अलेक्झांडर, आपला सिकंदर.

वर्गात शिकवताना

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांतून दरवर्षी कितीतरी मुलं इंग्रजी साहित्य घेऊन बाहेर पडतात. त्यांना मुलाखतीत पहिला धक्का कवितेच्या अर्थानं बसत नाही, कवीच्या नावानं बसतो. कीट्स आणि येट्स यांच्या स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक, उच्चार मात्र वेगळे. जॉन डन, विल्यम कूपर, सॅम्युएल पीप्स, समरसेट मॉम, ईव्हलिन वॉ, कोलरिज ही नावं कागदावर निराळीच दिसतात. 'जेन एअर'मधल्या धर्मोपदेशकाचं पहिलं नाव 'सेंट जॉन' असं दिसतं, पण ते 'सिंजन' म्हणायचं असतं. ती कादंबरी लिहिणाऱ्या ब्राँटीबाईंच्या वडिलांचं मूळ आयरिश आडनाव ब्रंटी. त्यांनी इंग्लंडमध्ये ते बदलून घेतलं.

शिक्षकांना आग्रहानं सांगावंसं वाटतं. सत्राच्या पहिल्या तासाला अभ्यासक्रमातली सगळी नावं देवनागरीत फळ्यावर लिहा आणि मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. वीस मिनिटांचं काम आहे. खेड्यातून आलेला, इंग्रजीला आधीच बिचकणारा मुलगा नाव चुकेल या भीतीनं हात वर करत नाही. ती भीती गेली की तो बोलायला लागतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत स्काऊट शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक नाव. आपण 'बेडन पॉवेल' म्हणतो. त्यांनी स्वतः आपल्या नावाचा उच्चार लोकांना कळावा म्हणून एक छोटं पद्य रचलं होतं. त्यात 'बेडन'चं यमक 'मेडन'शी आणि दुसऱ्या भागाचं 'नोएल'शी जुळवलं होतं. म्हणजे बेडन-पोएल. नावाच्या मालकानंच निकाल दिल्यावर वाद उरत नाही.

बीबीसीनंही हाच दंडक ठेवला. १९२६ मध्ये उच्चारांसाठी तिनं सल्लागार समिती नेमली आणि १९७१ मध्ये ब्रिटिश नावांचा स्वतंत्र उच्चारकोश निघाला. आडनावाबद्दल शंका आली की त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना विचारायचं, ही तिची रीत. एकच स्पेलिंग असलेली दोन घराणी वेगळं उच्चारतात, म्हणून दुसरा इलाज नाही.

मिस्टर, सर आणि लॉर्ड

उच्चाराइतकीच गफलत मानाच्या शब्दांत होते. 'मिस्टर' आडनावाला लागतं : मिस्टर ब्रिग्ज, मिस्टर जॉन नव्हे. 'सर' पहिल्या नावाला लागतं : सर जेम्स किंवा सर जेम्स ऊट्रम, पण 'सर ऊट्रम' कधीच नाही. 'लॉर्ड'च्या पुढे पदवीचं नाव येतं आणि ते आडनावाहून वेगळं असू शकतं. लॉर्ड सिडनम यांचं आडनाव क्लार्क. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं आडनाव मकाय. त्यांच्या नावाचं स्टेशन आपण 'रे रोड' म्हणतो आणि तो उच्चार अचूक आहे.

एल्फिन्स्टनच्या बाबतीत तर दोन माणसं एक होतात. पेशवाईनंतर घडी बसवणारे माउंटस्टूअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते. ते लॉर्ड नव्हते. कॉलेज त्यांच्या नावाचं. १८५३ ते १८६० या काळातले गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वेगळे. जुनं एल्फिन्स्टन रोड स्टेशन त्यांच्या नावाचं. लेखात नुसतं 'लॉर्ड एल्फिन्स्टन' लिहिण्याआधी साल तपासा.

मराठीत लिहिताना

उच्चार कळला म्हणून जुनं सगळं खोडायची गरज नाही. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज हे हिस्लॉप कॉलेजच राहील. संस्थेचं नाव तिच्या गावच्या तोंडी बसलं की ते त्या गावचं होतं. व्यक्तीबद्दल लिहिताना मात्र मूळ उच्चाराच्या जवळ जा आणि रूढ रूपही एकदा नोंदवा. 'जेम्स ऊट्रम, मराठी पुस्तकांतला औट्रम' एवढं लिहिलं तरी वाचकाचं काम होतं.

'र' गाळू नका. लंडनचा माणूस 'रॉबट' म्हणतो, पण स्कॉटिश माणूस 'र' स्पष्ट म्हणतो, आणि मराठी वाचकाला त्या 'र'वरूनच नाव ओळखू येतं.

संशोधकांनी जुन्या मराठी कागदांत शोधताना चार-पाच रूपं मनाशी धरावीत. त्या काळचे कारकून ऐकून लिहीत, त्यामुळे त्यांचं रूप पुष्कळदा आजच्या छापील रूपापेक्षा मूळ उच्चाराच्या जवळ असतं. सूचीत सगळी रूपं एका नोंदीखाली आणा. नावांची कुळी शोधायची परंपरा खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झालं. शब्दांची आणि नावांची मुळं खणण्यात त्यांनी आयुष्य घातलं आणि त्यांचा नामादिशब्द-व्युत्पत्तिकोश पुढे प्रसिद्ध झाला.

आणि आपलं नाव?

विलायतेत गेलेल्या खानदेशी मुलांची अडचण उलट बाजूची असते. झोपे, भोळे, राणे, मोरे, काळे, बोंडे ही आडनावं रोमन लिपीत गेली की शेवटचा 'ए' इंग्रजी माणूस गिळतो. मोरेचं 'मोर' होतं, राणेचं 'रेन', काळेचं 'केल'. त्याचा दोष नाही; त्याच्या भाषेत तो 'ई' बहुधा मुका असतो. त्याला त्याच्याच नावाचा आधार द्या. 'झोई आणि क्लोईमध्ये शेवटचं अक्षर बोलता ना, तसंच माझ्या आडनावातही बोलायचं' असं सांगितलं की त्याला लगेच कळतं.

काही गोष्टी जाण्याआधीच करून ठेवा. दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि आधार यांवर स्पेलिंग एकच असू द्या. उच्चार सोपा व्हावा म्हणून एखाद्याच कागदावर जास्तीचं अक्षर घालू नका. पुढे व्हिसाच्या वेळी त्याचाच त्रास होतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात आलं असेल, तर तिकडे ते तुमचं मधलं नाव समजलं जाईल. कुणी त्याच नावानं हाक मारली तर पहिल्याच दिवशी शांतपणे दुरुस्त करा.

पहिल्या भेटीत नाव सावकाश, तुकडे पाडून सांगा आणि समोरच्याकडून एकदा म्हणवून घ्या. त्याचं नावही तसंच विचारा. 'तुमचं नाव मी बरोबर म्हणतोय ना?' हा प्रश्न तिकडे सभ्यतेचा समजला जातो. अनेक विद्यापीठं पदवीदानाआधी नावाचा उच्चार लिहून मागतात. तो रकाना कोरा सोडू नका. 'ळ' त्यांच्या जिभेला जमणार नाही, तिथे 'ल'वर समाधान माना. पण जे जमण्यासारखं आहे ते सोडून देऊ नका, आणि सोयीसाठी ज्ञानेश्वरचा 'डॅन' करायची घाई करू नका. डॅन म्हणवून घ्यायला तुम्हाला मनापासून आवडत असेल तर गोष्ट वेगळी. तोही हक्क नावाच्या मालकाचाच.

मिंगिस आणि ओवेन म्हणायला आपण शिकलो, तर झोपे आणि भोळे म्हणायला त्यांनी शिकावं ही अपेक्षा रास्त आहे. आणि ती आपण स्पष्ट बोलून दाखवावी.